कोसाडचे घर विकताना



गेले काही महिने इथे आमचा लेख आला नाही, म्हणून काहींनी फोन करून चौकशी केली. कारण साधेच आहे, आम्ही घर विकत होतो. ज्यांनी कधी घर विकले आहे त्यांना यापुढे काही समजावून सांगायला नको. ज्यांनी विकलेले नाही त्यांच्यासाठी, आणि थोडे आमच्या स्वतःच्या कबुलीसाठी, हे लिहीत आहोत.

कोसाडचे ते रो-हाउस तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले आहे. ऑक्टोबरात माळेच्या प्रार्थनेला खालच्या हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसे दाटीवाटीने बसत आणि लेकरे जिन्याच्या पायऱ्यांवर. कोसाड स्टेशन जवळच, त्यामुळे मुंबई-वडोदरा मार्गावरची प्रत्येक गाडी आमच्या प्रार्थनेत हजेरी लावून जाई. लांबलचक मालगाडी आली की सगळे अर्ध्या ‘नमो मरिया’वर थांबत, आणि ती गेली की जिथे थांबले तिथूनच पुढे. नवीन आलेल्यांना हसू येई.

आमचे दादा श्रीरामपूर तालुक्यातले. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला गेल्याशिवाय त्यांचे वर्ष पुरे होत नसे. पोटासाठी सुरतेला आले, कापडाच्या मिलमध्ये रंगखात्यात लागले, आणि वेड रोडवर एका भाड्याच्या खोलीत त्यांनी संसार केला. 2006 चा ऑगस्ट सुरतेत राहिलेल्या कोणालाही सांगावा लागत नाही. उकाईचे पाणी सुटले आणि तापी शहरात शिरली. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे बसून होतो आणि खाली आमची खोली पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर गाळातून हाती लागली ती पितळेची चार भांडी आणि भिंतीवरचा लाकडी क्रूस. त्या क्रूसाला गाळाचा जो पिवळट डाग पडला तो कायमचा राहिला. दादा म्हणाले, “आता नदीच्या कुशीत राहणं नको.” कोसाड त्याच वर्षी महापालिकेच्या हद्दीत आले होते. दोन वर्षांनी, 2008 मध्ये, दादांनी तिथे साठ वारांचे हे घर घेतले. घराला आशीर्वाद द्यायला फादर आले तेव्हा दादांनी तो डाग पडलेला क्रूस स्वतःच्या हाताने दारासमोरच्या भिंतीवर ठोकला.

दादा प्रभूघरी गेले त्याला आता काही वर्षे झाली. आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत आणि खाली संडास-बाथरूम करायला जागा नाही. लेकीला नर्सिंगला घालायचे होते. असे सगळे एकावर एक आले आणि 2025 च्या प्रायश्चित्तकाळाच्या सुरुवातीला आम्ही ठरवले की घर विकायचे आणि चर्चच्या जवळ लिफ्ट असलेला छोटा फ्लॅट घ्यायचा.

दलाल आले. माणूस भला. अमरोली-कोसाडच्या पट्ट्यात घरे दाखवण्यात त्यांची उमर गेलेली. चहा पिता पिता त्यांनी सगळे घर नजरेखालून घातले आणि म्हणाले, “साहेब, घर विकायचं असेल ना, तर ते तुमचं दिसायला नको. घेणाऱ्याला त्याचं दिसायला पाहिजे.” मग बोटे मोडून कामे सांगितली. माळा रिकामा करा. गळका नळ बदला. ट्यूबलाइट काढून पांढरे एलईडी लावा आणि गिऱ्हाईक येईल तेव्हा दिवसाही सगळे चालू ठेवा. भिंतींना फिकट रंग द्या. जाता जाता दारात थांबून, “आणि वाईट वाटून घेऊ नका, पण हा क्रॉस अन् हे फोटो काढून ठेवा. गिऱ्हाईकाच्या मनात उगीच काही येतं.”

आईने ऐकले आणि ती एवढेच बोलली, “तो गाळातून काढलेला आहे.”

आम्ही त्यावर बराच विचार केला. दलालांच्या म्हणण्यात तथ्य होते, ते आम्हाला लपवायचे नाही. भिंतीवर आमच्या देवघराखेरीज बाराएक जुनी कॅलेंडरे होती. संतांचे चित्र आहे, टाकवत नाही, म्हणून दरवर्षीचे कॅलेंडर नवीन कॅलेंडरच्या मागे तसेच लटकलेले. हे ख्रिस्ती घरांत सगळीकडे असते, हसू नका, तुमच्याही घरी आहे. ती सगळी आम्ही उतरवली आणि भिंत खरेच मोठी दिसू लागली. क्रूस मात्र तिथेच ठेवला. ज्याला तो बघून घर नको वाटेल त्याला ते आधीच नको वाटलेले बरे.

माळा रिकामा करायला चार दिवस लागले. दादांचा मिलचा पास, नावे घातलेली स्टीलची भांडी, नाताळच्या गोठ्याच्या पुठ्ठ्यांचे तीन पिढ्यांचे अवशेष, आणि एका पोत्यात झावळ्यांच्या रविवारच्या वाळलेल्या झावळ्या, कितीतरी वर्षांच्या. खरे तर त्या राखेच्या बुधवारआधी चर्चमध्ये परत नेऊन द्यायच्या असतात, त्यांचीच राख आपल्या कपाळाला लागते. त्या वर्षीचा राखेचा बुधवार 5 मार्चला होऊन गेलेला आणि पोते आमच्या हाती लागले त्यानंतर. असो. पुष्कळ जण विचारतात म्हणून इथेच सांगतो. आशीर्वादित वस्तू, म्हणजे तुटलेली माळ, फुटलेली मूर्ती, जुनी झावळी, कचऱ्याच्या गाडीत टाकू नये आणि भंगारात विकू नये. जळण्यासारखी असेल तर आदराने जाळावी आणि राख मातीत मिसळावी, नाहीतर पुरावी. त्यात काही गूढ नाही. जी वस्तू प्रार्थनेच्या कामी आली तिला निरोप देण्याची ती पद्धत आहे.

त्या गोठ्याच्या सामानात संत योसेफाची मातीची मूर्ती होती, मान तुटलेली. आता गंमत ऐका. त्याच आठवड्यात आमच्या चर्चमधल्या एका बहिणीने आम्हाला एक व्हिडिओ पाठवला होता. घर विकले जात नसेल तर संत योसेफाची मूर्ती अंगणात उलटी पुरावी, डोके खाली आणि तोंड घराकडे, म्हणजे गिऱ्हाईक येते. ही चाल अमेरिकेत बरीच आहे, तिकडे त्यासाठी प्लॅस्टिकच्या छोट्या मूर्तीचा डबाच विकत मिळतो. तिचे मूळ कुठले हे लोक वेगवेगळे सांगतात. माँट्रियलच्या संत आंद्रे बेसेत यांनी जी टेकडी देवालयासाठी हवी होती तिथे संत योसेफाची पदके मातीत ठेवली होती, ही गोष्ट त्यात नेहमी येते. पण तिथे जागा मागणारा माणूस रोज गुडघ्यांवर बसणारा होता, आणि संताला उलटे टांगून धमकावण्याचा विचार त्याच्या मनात नव्हता. आम्ही त्या बहिणीला कळवले की हे आपण करायचे नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये मनिलात कुटुंबांना सांगितले होते की त्यांच्या टेबलावर झोपलेल्या संत योसेफाची मूर्ती आहे आणि काही अडचण आली की ते ती चिठ्ठीवर लिहून मूर्तीखाली ठेवतात. ते करा, म्हटले.

आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तिने आम्हाला जास्वंदीच्या आळ्यात खड्डा खणून योसेफाची मूर्ती पुरताना पाहिले. तुटलेली होती म्हणून पुरत होतो, सरळ, कापडात गुंडाळून. तिचा विश्वास अजून बसलेला नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, पण त्यातली एक गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी नाही. घर दादांच्या नावावर, मृत्युपत्र नाही. वकिलांनी सांगितले की आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. पत्नीला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे, मुलगा असो की मुलगी. म्हणजे आईचा एक हिस्सा, आमचा एक आणि नाशिकला दिलेल्या ताईचा एक, तिन्ही अगदी बरोबरीचे. आजूबाजूला पद्धत अशी की बहीण सही करून ‘हक्क कमी’ करते, भाऊ तिला साडी नेसवतो आणि विषय संपतो. ताईने हक्क मागितला नव्हता. आम्ही तिला फोन करून कायदा काय म्हणतो ते सांगायला नऊ दिवस लावले. त्या नऊ दिवसांत आम्ही दोघे एकमेकांशीही त्यावर बोललो नाही, आणि दोघांच्याही मनात तेच होते की ती आपणहून नको म्हणेल. शेवटी आईनेच फोन लावला आणि म्हणाली, “दादांच्या घरात तुझा तिसरा वाटा आहे, सहीला ये.” ताई पलीकडे रडली. पैशांसाठी नव्हे, हे नंतर तिने सांगितले. त्या घरातले आपले नाव कोणी काढेल असे तिला वाटलेच नव्हते.

आता भिंतीचे.

रंगकाम करायचे म्हणून खालच्या खोलीतले लोखंडी कपाट सरकवले. ते 2008 पासून कधी हलले नव्हते. मागची भिंत कमरेपर्यंत खाल्लेली. रंगाचे पोपडे सुटलेले, प्लास्टर बोटाने ढकलले की भुगा होऊन खाली, आणि त्यावर मिठासारखा पांढरा थर. लोणा. जोत्यावर ओल अडवणारा थर नीट घातलेला नसला की जमिनीतले पाणी विटांमधून हळूहळू वर चढते. पाणी उडून जाते आणि त्याच्याबरोबर आलेला क्षार प्लास्टरमध्ये साचत राहतो, तोच रंगाला आतून ढकलून पाडतो. वरून कितीही लेप दिला तरी पाणी थांबत नाही, उलट सुकायला वाट मिळाली नाही की ते आणखी वर जाते. हे सगळे आम्हाला नंतर कळले.

कलरवाला आपल्या खानदेशातला, ओळखीचा. त्याने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, “मास्तर, खरवडतो, पुट्टीचे दोन हात मारतो, वरून प्रायमर अन् रंग. पावसापर्यंत काही दिसायचं नाही.”

“आणि पावसात?”

“पावसात घर तुमचं कुठं असणार?”

आम्ही त्याला मारायला सांगितले. हे असेच लिहिले पाहिजे. त्याने फसवले नाही, दलालांनी फसवले नाही, आम्ही होय म्हणालो. मनाशी म्हटले, सगळेच करतात. म्हटले, घर सतरा वर्षांचे आहे, घेणारा काय आंधळा आहे? म्हटले, लेकीची फी. दोन दिवसांत भिंत दुधासारखी झाली. त्या रविवारी पहिल्या कम्युनिअनच्या मुलांना दहा आज्ञा शिकवायच्या होत्या. आठव्या आज्ञेला, खोट्या साक्षीच्या, आम्ही नेहमी अर्धा तास देतो. त्या दिवशी पाच मिनिटांत नववीवर गेलो. मुलांना काय कळणार, आम्हाला मात्र कळले.

संत योसेफाच्या सणानंतर दोन दिवसांनी पहिले गिऱ्हाईक आले. सौराष्ट्रातले कुटुंब. म्हातारे वडील, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर काम करणारा मुलगा, आणि सून, सातवा-आठवा महिना असावा. क्रूसाकडे म्हाताऱ्याने पाहिले, हात जोडले आणि पुढे गेला. दलालांची भीती तिथेच संपली. सुनेने मात्र एकेक खोली पाहिली. खालच्या खोलीत येऊन ती थेट त्याच भिंतीपाशी उभी राहिली, वितीने माप घेतले आणि नवऱ्याला म्हणाली की घोडियुं इथे राहील. इकडे पाळण्याला घोडियुं म्हणतात. तिने तळहात भिंतीवर टेकवलेला होता. रंग गार लागला असेल, ती हसली.

भाव ठरला. उद्या बाना देतो, म्हणाले, आपल्याकडे त्याला इसार म्हणतात. गेले.

त्या रात्री आम्ही दोघेही जागे होतो आणि दोघेही झोपल्याचे सोंग करीत होतो. शेवटी उठून बायबल घेतले. आम्हाला लेवीयाचा चौदावा अध्याय हवा होता. वर्गात तो आम्ही कधी शिकवत नाही, मुलांना कंटाळा येतो, खरे तर आम्हालाही येतो. त्यात घराच्या भिंतीला चट्टे पडले तर काय करायचे याचा नियम आहे. हिरवट किंवा तांबूस चट्टे, भिंतीत खोल गेलेले. सगळ्यात आधी काय करायचे? घरधन्याने स्वतः जाऊन याजकाला सांगायचे. याजक घरोघर तपासत हिंडत नाही, ज्याचे घर त्यानेच तोंड उघडायचे. मग घर रिकामे करायचे, सात दिवस बंद ठेवायचे, पुन्हा पाहायचे. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतून सगळी भिंत खरवडायची, दुसरे दगड आणि दुसरा गिलावा लावायचा. त्यावरही तो परत आला तर घर पाडायचे. पुट्टीचा उल्लेख कुठे नाही.

पुट्टीचा उल्लेख आहे तो यहेज्केलाच्या तेराव्या अध्यायात. लोक कच्ची भिंत उभी करतात आणि खोटे संदेष्टे तिला वरून चुना फासतात, मग पाऊस येतो. आमचा प्रभूही चुना लावलेल्या कबरांबद्दल परूश्यांना बोलला, ते मत्तयात आपण दरवर्षी ऐकतो. आपल्या मराठीत चुना लावणे याचा जो अर्थ झाला आहे तो झाला कसा, यावर त्या रात्री आम्हाला काही शंका उरली नाही.

सकाळी वकिलांना फोन केला. आमची अपेक्षा अशी की ते म्हणतील, तुमच्यावर काही बंधन नाही. ते म्हणाले, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 55 वाचा. जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने पाहून दिसणार नाही, तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. दीडशे वर्षे होत आली या कायद्याला, आणि आम्ही देवाचे वचन शोधत रात्र घालवली! दोघांचे म्हणणे एकच निघाले.

ते कुटुंब अकरा वाजता आले, बान्याची रक्कम पिशवीत. आम्ही पिशवी उघडू दिली नाही. खालच्या खोलीत नेले, भिंतीवर हात ठेवला आणि सांगितले. जोत्यातून ओल आहे, पावसात पोपडे सुटतील, लेकराला या भिंतीशी ठेवू नका. सून एक पाऊल मागे सरकली. मुलगा दलालांकडे बघू लागला आणि दलाल बाहेर गेले. म्हाताऱ्याने भिंतीकडे पाहिले, मग आमच्याकडे. म्हणाला, पैसे घ्यायच्या आधी सांगितलंत, हे बरं केलंत. पण भाई, मग रंग का मारला?

आम्हाला उत्तर देता आले नाही. ते गेले, पुन्हा आले नाहीत.

दलालांनी त्यानंतर बरेच दिवस फोन उचलला नाही. एकदा उचलला तेव्हा म्हणाले, “साहेब, तुम्ही चर्चमध्ये शिकवता ते ठीक आहे, पण धंदा मला करायचा असतो.” त्यांचा राग आम्हाला पटला. त्यांनाही आम्ही आधी सांगितले नव्हते.

मग ती भिंत खरोखर उघडली. इकडे गवंड्याला कडिया म्हणतात. वयस्कर कडिया होता, त्याने छिन्नीने कमरेच्याही वर हातभर प्लास्टर उतरवले, पार विटा उघड्या केल्या. विटांमधले सांधे खरवडले. जोत्याच्या वर एका ओळीत भोके पाडून त्यांत ओल अडवणारे रसायन भरले. आणि मग म्हणाला, आता काही करू नका, सुकू द्या. किती दिवस? “भिंत सांगेल.” आम्ही सात दिवसांची वाट पाहायची तयारी ठेवली होती, भिंतीने पाच आठवडे घेतले. अडतीस हजार गेले. लेकीच्या फीसाठी बाजूला काढले होते त्यातूनच.

तो सगळा काळ, झावळ्यांचा रविवार, पवित्र आठवडा, पुनरुत्थानाचा सण, आम्ही त्या सोललेल्या भिंतीसमोर काढला. गिऱ्हाईक आणणे शक्य नव्हते. आई मात्र रोज संध्याकाळी त्याच खोलीत खुर्ची टाकून माळ जपायची. म्हणायची, इथे गार वाटतं. पुनरुत्थानाच्या दुसऱ्या दिवशी, 21 एप्रिलला, पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली तेव्हाही ती तिथेच बसली होती. तिने एक चिठ्ठी लिहायला सांगितली. काय लिहायचे ते सांगितले नाही, कोराच कागद घडी करून विटांच्या सांध्यात खोचला. आम्ही तो प्लास्टरच्या वेळी काढला नाही.

मे महिन्यात भिंत भरली. त्यानंतर दोन गिऱ्हाइके आली. पहिल्याने चांगला भाव दिला, आमच्या अपेक्षेपेक्षा वरचा, पण अट घातली की दस्तावेज जंत्रीच्या भावाने करायचा आणि वरचे सगळे रोख. गुजरातेत 2023 च्या एप्रिलमध्ये जंत्री दुप्पट झाली तरी बाजारभाव अजून पुष्कळ ठिकाणी तिच्या वर आहे, आणि मधली फट रोखीने बुजवतात. 1 जून 2015 पासून घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. कायदा असा आणि चाल तशी. आम्ही नाही म्हटले, पण छाती फुगवून म्हणण्यासारखे त्यात काही नव्हते. 2008 मध्ये दादांनी हे घर घेतले तेव्हा अर्धी रक्कम पिशवीतून गेली होती आणि ती पिशवी आम्हीच धरली होती. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा यांनी जमीन विकली आणि किमतीतला काही भाग लपवला, ती गोष्ट वाचताना आमच्या डोळ्यांसमोर नेहमी ती पिशवी येते. त्या दोघांना कोणी जमीन विकायला सांगितले नव्हते की सगळे पैसे आणून द्यायलाही. पेत्राने त्यांना एवढेच विचारले की मग खोटे कशाला.

दुसरे गिऱ्हाईक ओडिशाकडचे, नवरा पॉवरलूमवर जॉबर, बायको शिवणकाम करणारी. त्यांना आम्ही आधी मोबाइलमधला उघड्या विटांचा फोटो दाखवला आणि मग भिंत. तिने बराच वेळ फोटो पाहिला. तिने भाव दीड लाखाने कमी मागितला आणि तेवढ्यावरच अडून बसली. आम्ही दोन दिवसांनी होय म्हटले. घर तिच्या नावावर झाले, कारण इथे मुद्रांक शुल्क 4.9 टक्के भरावे लागतेच, पण खरेदी बाईच्या नावे असेल तर नोंदणीची एक टक्का फी माफ आहे. पैसे सगळे बँकेतून. लेकीच्या फीसाठी कर्ज काढले आहे, ते ती फेडेल की आम्ही, यावर घरात अजून वाद चालू आहे. चर्चमधल्या त्या बहिणीला विक्रीची बातमी कळली तेव्हा तिने जास्वंदीकडे बोट दाखवले आणि काही बोलली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रजिस्ट्रारच्या कचेरीत अंगठे आणि फोटो झाले. ताई नाशिकहून आली होती. आईने सही केली, मग ताईने, मग आम्ही.

शेवटच्या संध्याकाळी क्रूस उतरवला. भिंतीवर त्याच्या आकाराची जुन्या रंगाची खूण राहिली, कारण कलरवाल्याने क्रूस न काढता त्याच्या भोवतीनेच रंग मारला होता. आम्ही म्हटले, तेवढा पट्टा रंगवून देतो. ती म्हणाली, राहू द्या, तिथे आम्ही जगन्नाथाचा फोटो लावणार आहोत. मग तिला पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते दाखवले, वरच्या खोलीतला कुठला स्विच कधी कधी ठिणगी देतो ते सांगितले, आणि पहिल्या पावसात खालच्या भिंतीवर लक्ष ठेवा, काही दिसले तर फोन करा, म्हटले.

फोन ऑगस्टमध्ये आला. तिने फोटो पाठवला होता. भिंत कोरडी, पण कोपऱ्यात फरशीच्या लगत तळहाताएवढी ओल. आम्ही त्याच कडियाला पाठवले. तो म्हणाला की एक भोक त्याच्या हातून राहून गेले होते. मजुरी घेतली नाही, रसायनाचे आठशे रुपये झाले, ते आम्ही दिले.